चारशे तीन वीस

टेलिफोन वाजला तेव्हा सायराकानचे दोन्ही हात मनगटांपर्यंत पिठात होते.

सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं होतं आणि आज त्यांच्या वर्षाचं जेवण होतं. उजाडल्यापासून अंगणातल्या कढईत कणकेचे बोर्सोक तळले जात होते. बाकी काही पोचो न पोचो, तळणाचा वास गेलेल्या माणसाला पोचतो. पुरुषमंडळी प्रार्थना म्हणणाऱ्या मोल्दोबरोबर टेकडीवरच्या कबरींकडे गेली होती आणि घोड्यांच्या मागे धावत पोरंसोरंही गेली होती. घरात उरल्या होत्या बायका, त्याही सगळ्या सुना. काही या घरच्या, काही शेजारच्या. आणि भिंतीशी, घडी घातलेल्या गाद्यांना टेकून, पांढऱ्या रुमालातल्या सासूबाई, ऊलकान आपा.

घरच्या लेकी अजून यायच्या होत्या. सायराकानचा मुलगा उलारबेक आपल्या आत्यांना शहरातून मिनीबसमध्ये घेऊन येत होता. बरोबर त्याची बायको होती आणि ऐन थंडीत जन्मलेली मुलगी. सकाळी त्यानं फोन केला होता, "आई, घाट चढायला लागतोय. बोर्सोक संपवू नका."

टेलिफोन जुना, तारेचा. हल्ली कुणाच्या घरी असा उरलेला नाही, पण सायराकान कारा-बेलच्या घाटातल्या हिमचौकीवर कामाला होती आणि चौकीपासून या घरापर्यंत तार ओढलेली होती. डोंगरात तारेशिवाय दुसरं काही चालत नसे. आज तिची रजा होती. तिनं कोपरानं रिसीव्हर उचलून खांद्याशी धरला.

"एजे, मी कुबात." हा या हिवाळ्यात चौकीवर आलेला तिचा जोडीदार. राजधानीत वाढलेला, तिला एजे म्हणजे ताई म्हणणारा, तोंडाळ, पण हातचं काम टाकणारा नव्हता. "पडदा काळा झालाय."

"कुठला पडदा?"

"रडारचा. सकाळी कोपऱ्यात चौकट आली, नवीन आवृत्ती आलीय, घ्यायची का म्हणून. मी म्हटलं, नवीन म्हणजे चांगलीच असणार. यंत्र बंद झालं, परत सुरू झालं, आणि आता नुसता काळोख. वर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ लुकलुकतेय, बस."

"फाटक पाड. पेरिझातला फोन लाव, रडार तीच बघते."

"फाटक पाडलं. पेरिझात विमानात आहे, फोन बंद. पण एजे, फाटक पाडायच्या आधी चार गाड्या वर गेल्यात. आणि तुमची ती आभाळाची लोकर पार रस्त्यावर उतरलीय. हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत."

आभाळाची लोकर म्हणजे ढग. सायराकानच्या थोरल्या दिरांचं नाव बुलुत, म्हणजे ढगच. सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, आणि नावासारखा दुसरा शब्द असेल तर तोही घ्यायचा नाही, असं तिला या घरात आली त्या आठवड्यात सांगितलं गेलं होतं. म्हणून रोज सकाळी वायरलेसवर हवेची खबर देताना तिच्या तोंडी ढग कधी आले नाहीत. खोऱ्यातल्या जुन्या माणसांना ते ठाऊक होतं. कुबातला वाटे की बाई कवीमनाची आहे.

"गाड्या कुठे आहेत?" तिनं विचारलं.

"उंटमान आणि म्हातारीच्या मधे."

सायराकाननं पिठाचे हात फडक्याला पुसले. इतका वेळ ती ऐकत होती, आता उभी राहिली.

उंटमान आणि म्हातारी या दोन घळी. घाटाचा रस्ता आधी म्हातारीखालून जातो, मग एक छोटा सपाट तुकडा, मग उंटमानेखालून पुढे. पूर्वी, रडार नव्हतं तेव्हा, सायराकान आणि तिच्या बरोबरीच्या दोघी दुर्बिणी घेऊन चौकीच्या ओट्यावर बसत, खांबांवरच्या खुणांवरून बर्फ मोजत आणि कान देऊन घळीचं कण्हणं ऐकत. त्या दिवसांत चहा किती कडक लागायचा, आणि हसायच्या किती त्या तिघी! त्या दोघी आता राहिल्या नाहीत. कण्हणं ऐकून बर्फ सुटणार हे कळे. पण धुक्यात आवाज दोन्ही कड्यांवर आपटून येई आणि घळ कुठली हे मात्र कधीच कळत नसे. म्हणून तर रडार आलं. ते धुक्याच्या आरपार बघे आणि सरकणारा बर्फ पडद्यावर लाल करून दाखवी.

"कण्हतेय का?" तिनं विचारलं.

"तासभर झाला. खालून गरम वारा सुटलाय. आधी एक छोटा लोंढा आला, त्यानं या गाड्या अडकल्या. ओर्मोन बर्फ काढायचं यंत्र घेऊन त्यांच्याजवळ आहे, त्यानं रस्ता मोकळा केला दोन्ही बाजूंना. तो वायरलेसवर सारखा विचारतोय, पुढे काढू की मागे? मी काय सांगू? पुढे काढल्या आणि उंटमान सुटली तर? मागे घेतल्या आणि म्हातारी सुटली तर?"

"आणि आहेत तिथंच ठेवल्या तर?"

"जी सुटेल तिचं शेपूट अंगावर येईल. तुम्हीच सांगितलंय मला ते."

तिनंच सांगितलं होतं. "गाड्या कुठल्या?"

"दोन ट्रक. एक जीप. एक मिनीबस, पांढरी."

सायराकाननं रिसीव्हर कानाशी दाबला. मग म्हणाली, "ओर्मोनला विचार, मिनीबसच्या पुढच्या काचेत लाल गालिच्याचा तुकडा लोंबतोय का?"

तारेतून वायरलेसची खरखर ऐकू आली, कुबातचा ओरडून विचारलेला प्रश्न ऐकू आला, आणि मग तो परत आला. "हो म्हणतो. का हो?"

तो तुकडा तिनं विणला होता, नातीच्या चाळिसाव्या दिवशी.

"काही नाही," ती म्हणाली. "पडदा उठवू या."

"तेच म्हणतोय मी! पेरिझातनं दाखवून ठेवलंय, पडदा गेला तर त्या अक्षरांच्या ओळीत तिनं ठरवलेला शब्द लिहायचा आणि पुढे पडद्याच्या ड्रायव्हरचा आकडा. बाकी यंत्र आपलं आपण करतं. सगळे ड्रायव्हर आतच ठेवलेत तिनं, ढीगभर. पण आपला कुठला? ती ते करत होती तेव्हा तुम्ही होतात, मी नव्हतो."

ती होती. गेल्या शरदात पेरिझात, रडारची इंजिनिअर मुलगी, चौकीवर येऊन राहिली होती. एक ड्रायव्हर बसवी, पडदा फुटल्यासारखा दिसे, मग दुसरा बसवी. सायराकान तिला चहा देई आणि बघत बसे.

"हे काय चाललंय तुझं?" तिनं एकदा विचारलं होतं.

"चित्र काढायचं कार्ड एक भाषा बोलतं, यंत्र दुसरी. मधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. बरोबर दुभाषा शोधतेय."

"मग सगळ्यात नवा घे की. एवढा काय घोळ?"

पेरिझात हसली होती. "एजे, तुम्हाला सात पिढ्यांचे बाप तोंडपाठ आहेत ना? मग तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. आकड्यात टिंबाच्या आधी असतं ते घराणं. टिंबानंतरचं, त्या घराण्यातलं मूल. आकडा मोठा म्हणजे घराणं नंतर वेगळं झालं एवढंच. पण थोरल्या घरात मुलं व्हायची थांबतात का? आज जन्मलेलं मूल जुन्या घरातलंही असू शकतं."

"आमच्याकडे एक पुतण्या आहे, माझ्या नवऱ्यापेक्षा मोठा. लहानपणी काकाला पाठीवर घेऊन फिरवायचा."

"अगदी तसंच! आता आपलं कार्ड पडलं म्हातारं. नव्या घराण्यांनी त्याची ओळखच सोडलीय, दारात उभं करत नाहीत. आणि काही तर घराणी नव्हेतच, उन्हाळ्यात कुरणावर ठोकलेले तंबू. काहीतरी नवीन करून बघायचं, आवडलं तर पुढच्या घरात न्यायचं, आणि तंबू मोडायचा. तिथं कार्डाला कायमचं कोण ठेवणार? ते मानानं राहील असं एकच घर आहे." आणि तिनं आकडा सांगितला होता. "घर तेवढं लक्षात ठेवा. त्या घरातलं शेवटचं मूल यंत्र आपणहून घेईल."

सायराकान आकडे विसरत नसे. बर्फाची उंची तिला कुठल्या साली किती होती ते विचारा.

"लिही," ती टेलिफोनमध्ये म्हणाली. "चारशे तीन वीस."

तार करकरली. "चारशे तीन वीस?"

"चारशे तीन वीस. हो, तेच."

"आहे! यादीत आहे. टाकतो. सामोवार उकळायला लागतो तेवढा वेळ लागेल. फोन ठेवू नका."

तिनं ठेवला नाही. अंगणात कढईतलं तेल चरचरत होतं. जावेनं तिच्या पुढची परात आपल्याकडे ओढून घेतली आणि मुकाट्यानं पीठ मळायला लागली. चुलत जाऊ दारात झारा धरून उभी होती. सगळ्यांनी अर्धं ऐकलं होतं आणि उरलेलं सायराकानच्या पाठीवरून ओळखलं होतं.

"कोण आहे?" ऊलकान आपांनी विचारलं.

"चौकीवरून आहे, आपा."

"उलार आला का घाट उतरून?"

"येतोय."

आपांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेसमोर सायराकानला खोटं बोलणं कधी जमलं नव्हतं, लग्नाच्या पहिल्या वर्षीही नाही. त्यांच्या हातातली जपमाळ थांबली.

तारेतून मधूनच ओर्मोनचा आवाज येत होता, फाटका, लांबचा. जीपवाल्याचा धीर सुटला होता, तो गाडी वळवून मागे जायला बघत होता. ओर्मोननं आपलं यंत्र आडवं घातलं होतं. मग कुणीतरी शिवी दिली. मग एका लहान मुलाचं रडणं ऐकू आल्यासारखं तिला वाटलं, पण ती तारेची खरखरही असेल.

"एजे." कुबातचा आवाज पडला होता. "नाही उठलं. काळंच आहे. कार्ड ओळखता येत नाही म्हणतंय."

"असं होणारच नाही."

"झालंय. मी आता सरळ सगळ्यात मोठा आकडा घालतो. पाचशे नव्वद. मोठा आहे, नवा आहे..."

"खबरदार! त्या मोठ्यानंच तर सकाळी पडदा घालवला. ते घर आपल्या कार्डाला दारात घेत नाही!"

"कसलं घर? एजे, मी ड्रायव्हरबद्दल बोलतोय!"

"मीही त्याच्याबद्दलच बोलतेय!"

"मग तुमचा आकडा चुकलाय. माणूस चुकतो, त्यात काय. पण आता सांगा मला, मी ओर्मोनला काय सांगू? तो म्हणतो, पायाखालचा रस्ता थरथरतोय!"

"माझा आकडा चुकलेला नाही. तू काय लिहिलंस ते वाच. एकेक करून."

"चार. शून्य. तीन. टिंब. वीस."

"मधे शून्य कुठून आलं?"

"चारशे तीन म्हटल्यावर मधे शून्यच येणार! चारशे तीन, टिंब, वीस. तुम्हीच सांगितलंत, मी परत विचारलं, तुम्ही हो म्हणालात!"

सायराकानला आपली चूक कळली.

तिच्या सासऱ्यांचा जन्म झाला तेव्हा त्यांचे आजोबा साठ वर्षांचे होते, म्हणून घरच्यांनी मुलाचं नाव साठच ठेवलं. आल्तिमिश. त्यामुळे या घरात सून होऊन आल्यापासून सायराकानला साठ हा आकडा नव्हता. बाजारात ती तीन वीस सोम मोजून देई, शेळी तीन वीस किलोची असे, घळीतला बर्फ तीन वीस बोटं चढे. इतकी वर्षं झाली की जीभ आपणहून वळसा घेई, तिला विचारतही नसे. मघाशीही तिनं तोंडानं तीन वीस म्हटलं आणि मनात साठच ऐकलं. आणि चारशे तीन नावाचा एक तंबू त्या यादीत नेमका होता. एका उन्हाळ्यापुरता ठोकलेला.

तिनं वळून पाहिलं. घरभर सुना. जाऊ सून, चुलत जाऊ सून, दारातल्या तिघी शेजारच्या सुना, पण सासरे तर अख्ख्या गल्लीचे वडीलधारे होते. आणि आपा त्यांची बायको. नवऱ्याचं नाव त्यांनी तरी कधी कुठे घेतलं होतं? ते नाव बेधडक घेऊ शकतील अशा या घरच्या लेकी मिनीबसमध्ये बसल्या होत्या.

"कुबात, नीट ऐक. चारशे, आणि त्यावर वीस, आणखी वीस, आणखी वीस."

"चारशे वीस? वीस? कितीदा म्हणताय, ऐकू येत नाहीये!"

"एक..." ती थांबली. एकसष्टातून एक वजा कर म्हणावं, तर त्यातही ते होतंच. "पन्नासच्या पुढं दहा!"

"पाचशे दहा?"

"पाचशे नाही! चारशे! बरं, एकेक आकडा सांगते. पहिला चार."

"चार."

दुसरा सहा. पण सहा म्हणजे आल्ती. निम्मं नाव तिथंच येतं. आपल्या मुलांना मोजायला शिकवलं तेव्हासुद्धा ती म्हणे, चार, पाच, पाचाच्या पाठचा, सात. मुलं हसत.

"दुसरा, पाचाच्या पाठचा."

तार करकरली. "पाच. पुढे?"

"पाच नव्हे रे, पाचाच्या..."

"तिसरा सांगा!"

"शून्य, पण..."

"चारशे पन्नास! आहे, हेही आहे यादीत! घालतो..."

"थांब! थांब, थांब, हात लावू नकोस!"

"एजे, कोडी घालू नका हो मला!" आता त्याचा आवाज चिरकला. "ओर्मोन रडकुंडीला आलाय! एकदाच घालायला वेळ आहे, एकदाच! तुमच्या तोंडाला झालंय काय? आकडा सांगा, नुसता आकडा!"

खोलीत कुणी हलत नव्हतं. अंगणात तेल धुमसायला लागलं होतं आणि त्याकडे बघायला कुणी गेलं नाही. सायराकाननं तोंड उघडलं. तिला आठवलं, नवी नवरी असताना एकदा तिच्या तोंडून तो आकडा निसटला होता. आपांनी तेव्हा रागावून काही म्हटलं नव्हतं. फक्त तिच्या हातातला चहाचा वाडगा काढून घेतला होता आणि सगळ्या पाहुण्यांसमोर स्वतः चहा ओतला होता. तो दिवस ती विसरली नव्हती.

तिनं सासूकडे पाहिलं नाही. भिंतीकडे तोंड केलं.

"आल्तिमिश!" ती ओरडली. "चारशे आल्तिमिश! ऐकू आलं का? आल्तिमिश, आल्तिमिश, चारशे आल्तिमिश!"

मग कुबात, अगदी हळू, "चारशे साठ?"

"हो!"

"अहो, मग तीन वीस काय म्हणत होतात मघापासून!"

"घाल!"

कळा दाबल्याचा आवाज आला. मग काही नाही. दारातल्या एका सुनेनं तोंडाला रुमालाचं टोक लावलं होतं. जाऊ परातीत हात तसेच ठेवून बसली होती. ज्या घरात माणसाच्या हयातीत कुणा सुनेनं जाणूनबुजून त्याचं नाव उच्चारलं नाही, तिथं आज त्याच्या वर्षाच्या जेवणाच्या दिवशी ते पाचदा ओरडलं गेलं होतं, तेही त्याच्या बायकोसमोर. सायराकान भिंतीला कपाळ लावून उभी राहिली. मागे आपा होत्या, आणि ती वळायला तयार नव्हती.

एवढा वेळ सामोवारला कधी लागला नसेल.

"एजे," कुबात म्हणाला. "उजेड आला."

"डोंगर दिसतो?"

"रेघा येतायत. थांबा. कडा आला, रस्ता आला. उंटमान निळी. पूर्ण निळी, शांत आहे." त्यानं श्वास घेतला. "म्हातारी... एजे, म्हातारी वरपासून खालपर्यंत लाल आहे!"

"पुढे काढ! उंटमानेखालून, सगळ्यांना! पहिल्यांदा जीप, तिला मागे वळू देऊ नको! ट्रक शेवटी!"

तो वायरलेसवर ओरडत सुटला. सायराकानला त्यातलं अर्धं कळलं. ओर्मोन होय म्हणत होता, इंजिनं घुरघुरत होती, कुणीतरी "मुलांना खाली वाकवा" असं सांगत होतं. मिनीबस निघाली. पहिला ट्रक निघाला. दुसरा घसरला, थांबला, परत निघाला. मग ती ओळखीची गोष्ट झाली, जी तिनं ओट्यावर बसून इतक्यांदा ऐकली होती. आधी आवाज बंद. वाराही बंद. आणि मग तारेतून आलेला तो लांबलचक, दबका गडगडाट. जणू कुणीतरी आकाशाएवढा लोकरीचा नमदा जमिनीवरून ओढत नेतंय.

"म्हातारी सुटली," कुबात म्हणाला. "सगळा सपाट तुकडा भरला. सगळा."

"गाड्या?"

"थांबा."

ती थांबली.

"ओर्मोन मोजतोय. जीप. मिनीबस. ट्रक. ट्रक. आणि तो स्वतः. सगळे पुढच्या फाटकाशी." मग तो हसायला लागला आणि त्या हसण्याचं काय झालं ते तिला कळलं, म्हणून तिनं त्याला थोडा वेळ दिला. "एजे, तुमच्या मिनीबसमधली एक बाई ओर्मोनला विचारतेय, बोर्सोक उरलेत का म्हणून."

ती थोरली नणंदच असणार. सायराकाननं रिसीव्हर ठेवला. तो नीट बसला नाही, तिनं पुन्हा ठेवला. मग ती वळली, खाली बसली, परात आपल्याकडे ओढली. पिठावर पापुद्रा धरला होता.

"उलार?" आपांनी विचारलं.

"घाट उतरलाय, आपा. सगळे उतरले."

आपांनी तळहात उघडले आणि तोंडावरून फिरवले. सगळ्या बायकांनी फिरवले. मग आपा दाराकडे बघून म्हणाल्या, "तेल जळतंय. कुणी बघणार आहे की नाही?" आणि सुना एकदम उठल्या, एकमेकींवर आपटत अंगणात गेल्या.

त्यानंतर बोलायला सवड अशी कुणालाच मिळाली नाही. पुरुष टेकडीवरून परतले, घोडे बांधले गेले, मांस उतरवलं, वाडगे भरले. मिनीबस आली तेव्हा नणंदा एकमेकींना अडवत सगळी हकीकत सांगत होत्या. उलारबेक मात्र आईच्या हातात मुलगी देऊन नुसताच तिच्याजवळ उभा राहिला. सायराकाननं नातीचं डोकं हुंगलं. आपांनी तेव्हापासून तिला एकदाही हाक मारली नव्हती, रागानंही नाही, लोभानंही नाही. चहा ओतायची वेळ आली तेव्हा सायराकाननं सामोवाराकडे हात नेला आणि थांबली. कुणी वाडगा काढून घेतला नाही. तिनं चहा ओतला.

ऊन कलताना टेलिफोन पुन्हा वाजला. पेरिझात होती. तिचं विमान उतरलं होतं. "एजे, कुबातला धड बोलता येत नाहीये, नुसता वाट्टेल ते सांगतोय. तीन वीस काय, पाचाच्या पाठचा काय. मला फक्त एक कळू दे, शेवटी कुठलं घर बसलंय तिथं? म्हणजे मी इथून कुलूप लावते, परत कुणी नवीन म्हणून काही घेऊ नये."

"चारशे तीन..." सायराकान म्हणाली, आणि तिची जीभ जागच्या जागी थिजली.

आपा भिंतीशीच होत्या. डोळे मिटलेले. झोपल्या आहेत असं वाटत होतं.

"नीट सांग," त्या म्हणाल्या. "मघासारखं. पुन्हा त्या पोरींच्या जिवाशी खेळ नको."

सायराकाननं रिसीव्हर तोंडाजवळ घेतला. "चारशे आल्तिमिश," ती म्हणाली, हळू, जसं एखादं नाव घ्यावं तसं.

"चारशे साठ. छान! लावते कुलूप," पेरिझात म्हणाली.

आपांचा हात शेजारच्या रिकाम्या गादीवर होता, जिथे म्हातारा बसायचा. तिथली घडी त्यांनी उगाचच सारखी केली.

"अजून एकदा सांग," त्या म्हणाल्या. "तिला ऐकू गेलं नसेल."

तार त्या वेळी अगदी स्वच्छ होती. सायराकाननं पुन्हा सांगितलं.